फिल्मवर पुन्हा पुन्हा येणारे डाग आणि खोलीतला वास: घरच्या डार्करूमचं पाणी आणि हवा कशी तपासायची

विदर्भातल्या खेड्यांत आणि तालुक्याच्या गावांत घरी डार्करूम (फिल्म डेव्हलप करायची, प्रिंट काढायची अंधारी खोली) चालवणाऱ्यांची एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. रोल डेव्हलपिंगच्या टाकीतून निघतो तेव्हा फ्रेम छान दिसतात, पण वाळल्यावर फिल्मभर ठिपके असतात. मग डेव्हलपर (चित्र उमटवणारं द्रावण) बदलला जातो, हायपो (चित्र पक्कं करणारं द्रावण) नवा आणला जातो, लेन्स पुसली जाते आणि पुढच्या रोलवर तेच. न्हाणीघरातल्या, कोठीतल्या, जिन्याखालच्या अशा बऱ्याच खोल्या मी दुरुस्त केल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक ठिकाणी दोष केमिकलमध्ये नव्हता. फिल्मवर शेवटी सुकणारं पाणी आणि ती सुकत असताना खोलीत शिरणारी हवा, या दोनपैकी एक बिघडलेलं होतं. कोणतं ते आधी ठरवा, पैसे नंतर खर्च करा.

आधी लक्षणं वाचा

वाळलेली फिल्म खिडकीपाशी तिरकी धरा. चकचकीत बाजू बेसची (प्लास्टिकची), थोडी मंद दिसणारी इमल्शनची (चित्र धरणाऱ्या थराची). भिंग नसेल तर कॅमेऱ्याची ५० मि.मी.ची लेन्स उलटी धरून पाहा, तेवढ्यानं भागतं.

- कडेला गोल रेघ असलेले पांढुरके डाग, जास्त करून चकचकीत बाजूवर आणि फिल्मच्या खालच्या टोकाकडे: पाण्यातले क्षार.
- वळलेले बारीक तंतू किंवा वरवर बसलेले कण, प्रिंटवर पांढरे उमटणारे: हवेतून आलेली रुई आणि धूळ.
- इमल्शनमध्ये रुतून बसलेले कण, पुसले तरी न निघणारे: पाण्यातली बारीक रेती, पाइपातला गंज, चुना.
- स्वच्छ गोल पारदर्शक ठिपके, प्रिंटवर काळे उमटणारे: डेव्हलपरमध्ये फिल्मला चिकटलेले हवेचे बुडबुडे.
- कडेनं सुटलेलं इमल्शन किंवा जाळीसारख्या सुरकुत्या: तापमान.
- प्रिंटची पांढरी कड राखाडी होणं: उजेडाची गळती.
- खोलीतला वास. व्हिनेगरसारखा असेल तर स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं आम्ल), विझवलेल्या काडीसारखा नाकात झोंबणारा असेल तर आम्लयुक्त हायपो, कुजलेल्या अंड्यासारखा असेल तर गटाराची हवा.

याबरोबर महिना लिहून ठेवा. आपल्याकडे ऋतूवरूनच अर्धं निदान होतं. दिवाळीनंतर कापूस घरात येतो आणि भाव मिळेपर्यंत तो खोलीत, ओसरीत पडून राहतो. त्या दिवसांतले डाग बहुधा रुईचे असतात. मार्चपासून पुढे काळ्या मातीची धूळ उडते, बोअरची पातळी खाली जाते, क्षार वाढतात आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं, ग्रामपंचायत ब्लीचिंग पावडर जास्त टाकते आणि तिच्यातला न विरघळणारा चुना नळातून फिल्मपर्यंत पोहोचतो. शिवाय हवा दमट असल्यानं फिल्म रात्रभर ओली राहते आणि ओल्या फिल्मवर धूळ पक्की चिकटते.

फुकटची तपासणी: काचेवर तीन थेंब

खिडकीच्या काचेचा एक स्वच्छ तुकडा घ्या. त्यावर तीन ठिकाणी थेंब ठेवा: एक डार्करूमच्या नळाचा, एक पिण्याच्या पाण्याचा (आर.ओ.चा कॅन येत असेल तर त्याचा) आणि एक बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याचा. काच झाकून सावलीत सुकू द्या, मग काळ्या कापडावर धरून पाहा. नळाच्या थेंबाच्या जागी पांढरं कडं दिसलं, तर तेच कडं तुमच्या प्रत्येक फ्रेमवर बसतं आहे.

ही तपासणी सांगितली की हमखास उत्तर येतं, "पानी त चांगलंच हाय ना भाऊ, आमी तेच पेतो." पिण्याला चांगलं असणं आणि फिल्मला चांगलं असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतले जातात. माणसाच्या पोटाला ५०० चं पाणी काही करत नाही, पण थेंब आटला की ते क्षार जागेवरच उरतात. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी मुळातच खारट आहे. तिथे नळाच्या पाण्यानं शेवटचं धुणं करायचा विचारच सोडून द्या. पाणी उकळून काही होईल का, असंही विचारतात. उकळल्यावर बायकार्बोनेटचा जडपणा भांड्याच्या तळाशी बसतो, पण क्लोराइड आणि सल्फेट तसेच राहतात. म्हणून खारट पाण्याला उकळण्याचा उपयोग नाही.

चार पट्ट्यांची तपासणी

पाणी की हवा, याचा निकाल यातून लागतो. माझ्या मते ही सगळ्यात मोलाची तपासणी आहे, कारण इथे चूक झाली की माणूस एक्झॉस्ट फॅन बसवून घेतो आणि डाग पाण्याचे निघतात.

जुन्या, टाकाऊ निगेटिव्हच्या चार पट्ट्या कापा. त्यावरची जुनी धूळ जाईल अशा चारही डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास भिजवा आणि हलक्या हातानं खंगाळा. मग दोन पट्ट्या नळाच्या पाण्यातून काढा, दोन ताज्या डिस्टिल्ड पाण्यातून. प्रत्येक जोडीतली एक पट्टी डार्करूममध्ये नेहमीच्या जागी, पंखा नेहमीसारखा चालू ठेवून टांगा. दुसरी लोखंडी कपाटात टांगून दार बंद करा. कपाट आतून आधी ओल्या फडक्यानं पुसलेलं असावं.

नळाच्या दोन्ही पट्ट्यांवर डाग आणि डिस्टिल्डच्या दोन्ही स्वच्छ असतील, तर दोष पाण्याचा. डार्करूममधल्या दोन्ही पट्ट्यांवर कण आणि कपाटातल्या दोन्ही स्वच्छ, तर दोष हवेचा. नळाची डार्करूममधली पट्टी सगळ्यांत वाईट आणि डिस्टिल्डची कपाटातली तेवढी स्वच्छ, असं असेल तर दोन्ही दोष आहेत. आधी पाणी सुधारा, ते स्वस्त आहे. चारही स्वच्छ निघाल्या तर डाग डेव्हलप करतानाच पडताहेत: बुडबुडे किंवा केमिकलमधला गाळ. केमिकल कॉफीच्या फिल्टर कागदातून किंवा दुहेरी मलमलीतून गाळा, आणि डेव्हलपर ओतल्यावर टाकी ओट्यावर दोन-तीनदा ठोका, म्हणजे बुडबुडे सुटतात.

पाण्याचा दोष: शेवटचा लिटर बदला

सगळं पाणी शुद्ध करायची गरज नाही. फिल्मवर सुकणारं शेवटचं पाणी तेवढं शुद्ध हवं. नेहमीसारखं धुऊन झाल्यावर फिल्म डिस्टिल्ड पाण्यात वेटिंग एजंट (पाण्याचे थेंब न धरता ते सारखं पसरवणारं द्रव्य) घालून अर्धा ते एक मिनिट ठेवा. फोटो-फ्लो हा एजंट असेल तर १ भागाला २०० भाग पाणी, म्हणजे अर्ध्या लिटरला अडीच मिलिलिटर. सिरिंजनं मोजा. जास्त घातलं तर त्याचाच चिकट थर बसतो आणि लोक त्याला पुन्हा क्षारांचे डाग समजतात. भांड्यांचा साबण वापरू नका, त्यात रंग आणि सुगंध असतात.

डिस्टिल्ड पाणी खेड्यात कुठे मिळणार, या प्रश्नाचं उत्तर ट्रॅक्टरच्या बॅटरीत आहे. गॅरेजवर आणि बॅटरीच्या दुकानात ते पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. दुकानदाराला स्पष्ट सांगा, बॅटरीचं पाणी हवं आहे, ॲसिड नको. दोन्ही कॅन शेजारी ठेवलेले असतात आणि ॲसिड म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड असतं. सील असलेलाच कॅन घ्या.

आधीच डाग पडलेल्या निगेटिव्ह टाकू नका. बेसच्या बाजूचा डाग तोंडाची वाफ देऊन मऊ सुती कापडानं बहुधा निघतो. इमल्शनवरचा पुसायचा नाही. पांढरं व्हिनेगर घ्या, साधारण ४ टक्क्यांचं असतं, तेवढंच डिस्टिल्ड पाणी मिसळा. या २ टक्क्यांच्या आम्लात फिल्म दोन-तीन मिनिटं ठेवली की चुन्याचे क्षार विरघळतात. मग पुन्हा धुणं, पुन्हा शेवटचा लिटर. कडं इमल्शनमध्ये खड्ड्यासारखं उमटलं असेल तर ते कायमचं आहे.

आता पाणीटंचाईबद्दल, कारण आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गावात वाहत्या पाण्याखाली अर्धा तास फिल्म धुणं मला योग्य वाटत नाही आणि त्याची गरजही नाही. इल्फर्ड या फिल्म कंपनीची पद्धत वापरा: डेव्हलपिंगची टाकी भरा, ५ वेळा उलटी-सुलटी करा, पाणी ओता. पुन्हा भरा, १० वेळा. पुन्हा भरा, २० वेळा. हार्डनर (इमल्शन कडक करणारं द्रव्य) नसलेल्या हायपोनंतर एवढं पुरतं. ३५ मि.मी.च्या एका रोलला ३०० मिलिलिटरची टाकी धरली तर सगळं मिळून एक लिटरही लागत नाही. तेवढं पाणी डिस्टिल्डसुद्धा परवडतं. मग पाण्याची टाकी, पाइप, फिल्टर या सगळ्या भानगडीच फिल्मपुरत्या टळतात.

तापमान: थर्मामीटर एकच, पण चार जागी

उन्हाळ्यात इमल्शन सुटणं, सुरकुतणं यामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं. डेव्हलपर बर्फात ठेवून २० अंशांवर आणलेला असतो आणि धुण्याचं पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येतं. फुगलेलं, मऊ झालेलं इमल्शन त्या फरकाला तोंड देऊ शकत नाही. डेव्हलपर, स्टॉप, हायपो आणि धुण्याचं पाणी, चारही ठिकाणी तोच थर्मामीटर बुडवा. चारही आकडे एकमेकांपासून दोन अंशांच्या आत हवेत.

मे महिन्यात २० अंशांचा हट्ट धरू नका. सगळं २४ अंशांवर चालवा आणि वेळ कमी करा. २० अंशांना ८ मिनिटं लागत असतील तर २४ अंशांना साधारण साडेपाच मिनिटं. वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली की डेव्हलपमेंट असमान होते, तेव्हा डेव्हलपर आणखी पातळ करून (डी-७६ असेल तर एकास एक) त्या प्रमाणाचा वेळ घ्या.

थंड पाणी कसं मिळवायचं? रांजणात. हवा कोरडी असते तोवर सावलीत, वाऱ्यावर ठेवलेला रांजण धुण्याचं पाणी विजेशिवाय खाली आणतो. आदल्या संध्याकाळी भरा. केमिकलच्या बाटल्या गंजात (मोठ्या पातेल्यात) उभ्या करून त्याच रांजणाचं पाणी भोवती ओता, म्हणजे सगळ्यांचं तापमान सारखं राहतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की रांजण काम करत नाही, पण तेव्हा गरजही कमी असते. बोअरचं ताजं उपसलेलं पाणी वर्षभर साधारण २६ ते २८ अंशांच्या आसपास असतं. दुपारच्या टाकीतल्या पाण्यापेक्षा ते बरंच बरं. त्यामुळे उन्हाळ्यात काम पहाटे किंवा रात्री करा आणि त्या आधी थोडा वेळ मोटर चालवून गच्चीवरच्या पाइपातलं तापलेलं पाणी काढून टाका.

हायपोची बाटली टिनाच्या पत्र्याखाली ठेवली असेल तर ती उजेडात धरून पाहा. गढूळ, पिवळट आणि तळाला पांढरा-पिवळा गाळ दिसला, तर त्यातलं गंधक सुटलं आहे. ती गाळून वापरण्यात अर्थ नाही, नवी बनवा.

गाळ, रेती, गंज: फिल्टर कुठे लावायचा

आधी नळाचं तोंड उघडून जाळी पाहा. जाळीत लालसर कण असतील तर पाइप गंजलेला आहे किंवा पाण्यात लोह आहे. चकाकणारे कण असतील तर बोअर रेती ओढते आहे. बादलीभर पाणी रात्रभर झाकून ठेवा. लोह आणि गढूळपणा तळाशी बसतो आणि वरचं पाणी हलक्या हातानं काढून घेता येतं. पावसाळ्यात तुरटी फिरवली तर चालते, पण पूर्ण निवळू द्या. हायपोत मात्र बाजारातली तुरटी स्वतःच्या मनानं टाकू नका. हार्डनर हायपोत तुरटी असते ती आम्लाच्या ठरलेल्या प्रमाणासह, नाहीतर गाळ तयार होतो.

एवढ्यानं भागलं नाही तर १० इंची घराचा (हाउसिंगचा) ५ मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर घ्या, आर.ओ.च्या यंत्राआधी लावतात तोच. एक गोष्ट प्लंबर बहुधा सांगत नाहीत. टाकी नळापेक्षा ३ मीटर उंच असेल तर दाब दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.३ किलो मिळतो आणि त्या दाबावर फिल्टर थेंबथेंब सोडतो. म्हणून फिल्टर नळाला लावू नका. मोटरचं पाणी डार्करूमच्या वेगळ्या लहान टाकीत जातं त्या पाइपवर, मोटरच्या दाबाखाली लावा. ती टाकी झाकणाची आणि उजेड न शिरणारी हवी, नाहीतर शेवाळ धरतं. फिल्टरच्या आधी आणि नंतर एकेक व्हॉल्व्ह ठेवा, म्हणजे आतली गाळणी (काडतूस) बदलताना घराचं पाणी बंद करावं लागत नाही.

डार्करूममध्ये पाइप पी.व्ही.सी. किंवा सी.पी.व्ही.सी.चेच वापरा. हायपो पितळ आणि लोखंड दोन्ही खातो. सिंकच्या खाली पितळी जाळी दिसली तर बदला.

हवेचा दोष: अगरबत्ती लावा

सगळे ट्रे झाका, पंखा चालू करा, दार बंद करा आणि दाराच्या खालच्या फटीपाशी अगरबत्ती धरा. धूर आत ओढला जात असेल, तर तुमचा पंखा शेजारच्या खोलीतली हवा फटीफटीतून गाळल्याशिवाय आत ओढतो आहे. वर्धा जिल्ह्यातल्या एका घरी डार्करूमच्या शेजारच्याच खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला होता. पंखा जितका मोठा लावला तितकी रुई वाढली. पंख्यात काहीच दोष नव्हता, तो नेमून दिलेलं काम चोख करत होता.

उपाय असा की हवा एकाच ठरलेल्या वाटेनं आत यावी, गाळून यावी आणि बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त यावी. म्हणजे धूर फटीतून बाहेरच्या बाजूला वळेल. आत येणारी वाट भिंतीत उंचावर, कोरड्या बाजूला, म्हणजे एनलार्जरच्या (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या) बाजूला ठेवा. तिथे आत फुंकणारा पंखा आणि त्याच्यापुढे धुता येणारा फिल्टर. तात्पुरतं काम चालवायचं असेल तर दुहेरी मलमल चौकटीवर ताणून बसवा आणि दर आठवड्याला धुवा. बाहेर जाणारी वाट ट्रेच्या पलीकडे, ट्रेच्या थोडीच वर ठेवा. छतापाशी ठेवली तर हायपोची वाफ तुमच्या तोंडासमोरून वर जाते. हे बारीक वाटतं, पण रात्री डोकं दुखणं आणि न दुखणं एवढा फरक त्यानं पडतो.

पंखा केवढा? डार्करूमसाठी तासाला किमान १० वेळा हवा बदलावी असा प्रघात आहे. खोली ८ बाय १० फूट आणि ९ फूट उंच असेल तर ७२० घनफूट, म्हणजे सुमारे २० घनमीटर. तासाला २०० घनमीटर हवा हवी. पंख्याच्या खोक्यावर घनमीटर प्रति तास हा आकडा छापलेला असतो, पण तो मोकळ्या हवेतला असतो. फिल्टर आणि उजेड अडवणारी वळणं मध्ये आली की हवा बरीच कमी होते, म्हणून साधारण दुप्पट आकड्याचा पंखा घ्या.

उजेड अडवायला पी.व्ही.सी. पाइपचे दोन एल्बो एकमेकांना जोडून काटकोनात दोन वळणं द्या आणि आतून मॅट काळा रंग मारा. चकचकीत काळा चालत नाही, त्यावरून उजेड परावर्तित होत आत येतो. मग भर दुपारी आत बसा, सगळे दिवे बंद करा आणि दहा मिनिटं डोळे सरावू द्या. कवेलूच्या छतात तेव्हा तारे दिसल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसतात. छताखाली काळ्या कापडाचं किंवा प्लायचं आढं लागेल. कागदाची खात्री करायची तर फोटोपेपरच्या तुकड्यावर एनलार्जरचा उजेड अगदी हलका, फिकट राखाडी येईल एवढाच पाडा, वर नाणं ठेवा आणि सेफलाइटखाली (कागदाला न लागणाऱ्या मंद दिव्याखाली) पाच मिनिटं ठेवून डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर सेफलाइट जवळ आहे किंवा गळती आहे.

कूलरबद्दल प्रत्येक जण विचारतो. डार्करूममध्येच कूलर नको; त्याचं पाणी क्षारांचं असतं, बारीक तुषार हवेबरोबर येतात आणि खोली दमट होते. शेजारच्या खोलीत कूलर चालवून ती थंड हवा फिल्टरमधून आत घेतली तर उन्हाळ्यात चालते. फिल्म वाळत असताना तो बंद ठेवा.

वीज गेली की पंखा थांबतो. आधी ट्रे झाका आणि दार उघडा, कागद नंतर. पंखा इन्व्हर्टरवर घेता आला तर उत्तम.

कुजक्या वासाचा माग

अंड्यासारखा वास येत असेल तर केमिकल शोधत बसू नका, नहाणी ट्रॅपमध्ये (मोरीच्या जाळीखालच्या वळणदार भांड्यात) पाणी आहे का ते टॉर्चनं पाहा. ट्रॅपमध्ये साधारण ५० मि.मी. पाणी उभं असतं आणि तेच गटाराची हवा अडवतं. आपल्या उन्हाळ्यात काही आठवडे खोली बंद राहिली की ते आटतं. वर बाहेर ओढणारा पंखा चालू असेल तर तो गटारातून हवा खेचतो. त्यातला हायड्रोजन सल्फाइड माणसाला घातक आहेच, शिवाय प्रिंटमधल्या चांदीवरही पिवळे-तपकिरी डाग पाडतो. बादलीभर पाणी ओता. बऱ्याच वेळा वास त्याच दिवशी जातो. बंद खोलीच्या ट्रॅपमध्ये महिन्याला पाणी ओतायची सवय ठेवा.

पाणी ओतूनही ते तुंबत असेल तर शोषखड्डा पाहा. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी घेत नाही, उन्हाळ्यात भेगा पडून पाइपांचे सांधे उघडे करते. काळ्या मातीतल्या घरी पाइप दर दोन-तीन वर्षांनी त्याच सांध्यात फुटत असेल तर गोंद लावणाऱ्याचा दोष नाही, खाली मुरमाचा थर हवा आहे.

वापरलेला हायपो शोषखड्ड्यात, सेप्टिक टँकमध्ये किंवा शेतात सोडू नका. त्यात विरघळलेली चांदी असते आणि खेड्यात विहीर काही पावलांवर असते. तो प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवा, वर नाव लिहा, मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा. साध्या लोखंडी तारेचा कीस त्यात टाकला तर चांदी तळाशी बसते. भांडी घासायची स्टीलची घासणी त्यासाठी उपयोगाची नाही, ती गंजत नाही आणि चांदीही सोडवत नाही. साठलेलं जिल्ह्याच्या ठिकाणी रासायनिक कचरा किंवा चांदी शुद्ध करणाऱ्यांकडे द्या.

इथे थांबा, माणूस बोलवा

एनलार्जरच्या धातूला, सिंकला किंवा नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर मेन स्विच बंद करा आणि काम तिथेच सोडा. ओल्या हातानं चालणाऱ्या खोलीत अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या. खेड्यातल्या अनेक घरांत तीन छिद्रांचा सॉकेट असतो पण मागे अर्थिंगची तार नसते. त्याला आधी तेच तपासायला सांगा.

वाट पाडायला छताच्या सिमेंटच्या पत्र्याला स्वतः भोक पाडू नका. अनेक सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुफ्फुसात जाते. वाट भिंतीतून काढा. ती भिंत भार घेणारी किंवा मातीची असेल तर गवंड्याला दाखवल्याशिवाय छिन्नी लावू नका.

भिंतीच्या आत ओल चढते आहे, मोटर बंद असतानाही मीटर किंवा टाकीची पातळी हलते आहे, किंवा बोअरमधून रेती वाढतच चालली आहे, तर फिल्टर बदलत राहू नका. पहिल्या दोन गोष्टींसाठी प्लंबर आणि तिसरीसाठी बोअरवाला लागतो. सेप्टिक टँक किंवा गटाराच्या चेंबरमध्ये स्वतः उतरू नका आणि कुणाला उतरवूही नका. तिथला वायू एका श्वासात माणूस पाडतो. त्यासाठी उपसा करणारी गाडी बोलवा.

हवा सुधारूनही छातीत घरघर, खोकला किंवा डोळ्यांची जळजळ राहिली तर डार्करूम बंद ठेवून डॉक्टरांकडे जा. दमा असलेल्यांनी आम्लयुक्त हायपोऐवजी वास नसलेला न्यूट्रल हायपो आणि स्टॉप बाथऐवजी साधं पाणी वापरावं. बोटांना खाज, भेगा, पुरळ येत असेल तर ती बहुधा डेव्हलपरमधल्या मेटॉलची ॲलर्जी असते. ती प्रत्येक वेळी वाढत जाते, तेव्हा त्याच दिवशी हात डेव्हलपरपासून लांब करा, त्वचेच्या डॉक्टरांना डेव्हलपरची बाटली दाखवा आणि पुढे मेटॉलऐवजी फेनिडोनवर चालणारा डेव्हलपर हातमोजे घालून वापरा.

प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियन आला की त्याला चार पट्ट्या, सुकलेल्या थेंबांची काच आणि तापमानाचे चार आकडे दाखवा. फिल्म म्हणजे काय हे त्याला माहीत नसलं तरी चालतं; कुठल्या नळाचं पाणी आणि कुठल्या फटीतली हवा, एवढं त्याला त्यावरून कळतं.